पिठावर उमटलेला पाय

२१ फेब्रुवारी १९७३, बुधवार. सकाळी ६ वा. ५ मि.
टोपली उचलत होतो. आत्या म्हणाली, "दमानं. वारं लागू दिऊ नगंस."

काल दहाव्याचं आटोपल्यावर, माझ्या बायकोने, सुमनने, जिथे प्राण सोडला त्या जागी आत्याने ज्वारीचं पीठ पसरलं, शेजारी दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. नंतर त्या खोलीत कोणी गेलं नाही. सकाळी पिठावर जी खूण दिसेल त्या जन्माला माणूस गेलं, असं आमच्यात मानतात.

पाय आहे. माणसाचा. तान्ह्या मुलाचा, माझ्या चार बोटांएवढा. बोटं भिंतीकडे, टाच माझ्याकडे. दिवा उजव्या हाताला, अंगठा दिव्याच्या बाजूला. अंगठ्याजवळची दोन बोटं एकमेकांना जोडलेली. एकच पाय.

आत्या : "माणसाच्याच जल्माला गेली की रं. आता कशापायी रडतूस?"

पीठ ठेवायचं नसतं. आठ वाजता पिंपळाखाली टाकून आलो.

जायच्या आदल्या दिवशी सु. म्हणाली होती, "मी परत येणार हाय. पर मला काय आठवायचं न्हाय. वळखायचं तुमी." मी हो म्हटलं. ताप चढला होता म्हणून समजूत काढायला म्हटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
चादरीच्या कारखान्यात कामावर गेलो. ठसा विसरेन या भीतीने आधी ग्राफच्या कागदावर काढून घेतला, चौकोन मोजून. उजवा पाय. अंगठा, दोन बोटं जोडलेली, मग दोन सुटी. खाली तारीख घातली.

आत्या दुपारच्या गाडीने करकंबला गेली. खोलीत मी एकटा. सु.च्या बांगड्या खिडकीत आहेत. हलवल्या नाहीत.

५ मार्च, सोमवार
गिऱ्हाइकाला उजवीकडे बघणारा मोर हवा. ग्राफवर डावीकडे बघणारा काढला. चादर मागावर पालथी विणली जाते, काढून उलटली की मोर बरोबर दिसतो. मागावर नक्षी उमटवणारे १४४ पुठ्ठे. भोकं पाडली, दोनदा मोजली. चूक नाही.

सहा नंबरच्या मागावरचे अंजय्यामामा पुठ्ठे न्यायला आले. माझ्या डब्याखालचा पायाचा कागद दिसला. बराच वेळ बघत राहिले.
"हे चादरीचं नाही ना, नामा?"
सांगितलं सगळं.
"मी पण बघितला होता असा. पाय नव्हता. हात होता." एवढं बोलून पुठ्ठे उचलून गेले.

१८ मार्च, रविवार
शुक्रवार पेठेतली सुईण गोदाक्का हिला सांगून ठेवलं होतं. तिने दारातूनच हाक मारली, "नामदेवा, चल! दोन बोटं जोडलेली पोरगी हाय. लोक तोंड बघून सून करत्यात, ह्यो बाबा तंगड्या बघत हिंडतोय!" गल्लीतल्या बाया हसल्या. हसू देत.

मालधक्क्याजवळ मेंढपाळांची तीन पालं आहेत. चाऱ्यावाचून मेंढरं मेली, उरलेली घेऊन इकडे आलेत. बापाचं नाव बिरू. पोर ११ फेब्रुवारीची, दिवेलागणीची. सु. गेली तोच दिवस, तीच वेळ.

कागद काढून पाय ताडून पाहिला. जोडलेली बोटं डाव्या पायाची. उजवा पाय चांगला.

परत निघालो तर पोरीने माझं बोट धरलं. सोडेना. तिची आई हसली, "सोड की गं, पावन्यांना जाऊ दे." एकेक बोट उचलून सोडवावं लागलं.

नोंद : डावा. ही नव्हे.

२ एप्रिल, सोमवार
नळाला पाणी नाही. टँकरपुढे दोन तास.

मालकांच्या खोलीत कारखाना सुरू झाला तेव्हाचा कामगारांचा फोटो आहे. मालकांचे आजोबा खुर्चीत, मागे वीस माणसं. डावीकडून तिसरे अंजय्यामामा. तीच फाटलेली कानाची पाळी, कानशिलावर तेवढेच पांढरे केस. सगळे म्हणतात तो मामांचा आजा असेल. आज्याच्या कानाची पाळी नातवाला कशी फाटेल?

मामांना सरळ विचारलं. म्हणाले, "रविवारी ये."

८ एप्रिल, रविवार
मामांच्या घरी. एक खोली, एक हातमाग. बोलले ते विसरायच्या आत लिहितो आहे.

त्यांची बायको नरसव्वा. कुठल्या काळात ते सांगत नाहीत, तेव्हा सोलापुरात एकही गिरणी नव्हती. ती गेली. ती परत येईल तेव्हा आपण म्हातारं झालेलं नसावं म्हणून मामा मोहोळ आणि करकंबच्या मधल्या माळावर एका बारवेत उतरले. तळाशी दार आहे. आत पाणी आहे. ते पाणी जो पितो त्याचं वय तिथेच थांबतं, आणि तो मरत नाही.

नरसव्वा परत आली. तीनदा आली. पहिल्यांदा कासारणीची मुलगी होऊन. मामांकडे बघून म्हणाली, सरका, वाट द्या. दुसऱ्यांदा तिच्या लग्नाचं लुगडं मामांनीच विणलं, नवरा दुसरा. तिसऱ्यांदा तिने त्यांना मामा म्हटलं, सगळे म्हणतात तसं.

"चारदा जाळली मी तिला, बिड्डा, लेकरा. एकदा नवरा म्हणून. तीनदा गर्दीत उभा राहून."

मी म्हटलं, तुम्ही तिला कधी सांगितलं नाही?
"काय सांगू? दुसऱ्याच्या बायकोला काय सांगू?"

मी बारवेची वाट विचारली. ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारली. शेवटी म्हणाले, "दारावर काही कोरलेलं आहे. मला वाचता येत नाही. मी उतरलो तेव्हा वाचायला थांबलो नाही. ते वाचून आणशील तर सांगतो."

१५ एप्रिल, रविवार
का कोण जाणे, मालधक्क्यावरून गेलो. काम नव्हतं. बिरूची पोर पालात रडत होती, मी समोर आलो तशी गप्प झाली. बिरू म्हणाला, "तुमास्नी वळखती वाटतं." मी म्हटलं, लहान मुलं कोणाकडेही बघून गप्प होतात.

११ मे, शुक्रवार
रजा टाकली. पहाटेच्या एस.टी.ने मोहोळ, पुढे तीन तास पायी. माळावर गवताची काडी नाही.

मामांनी हाच दिवस सांगितला होता. आज दुपारी सावली पायाखाली जाते, तेव्हाच ऊन बारवेच्या तळाला पोचतं. एरवी दार पाण्याखाली असतं. या दुष्काळाने ते उघडं पडलं आहे. सगळा तालुका ज्याने रडतो आहे त्यानेच माझी वाट उघडली. हे लिहिताना बरं वाटत नाही.

१२ वा. १० मि. दोर बाभळीला बांधून उतरलो. सत्तेचाळीस पायऱ्या. सातवी पायाखालून सुटली, दगड खाली आपटल्याचा आवाज फार उशिरा आला. दोरावर लोंबकळत राहिलो. हाताची सालं निघाली. मरायला भ्यालो, याची लाज वाटली.

१२ वा. २२ मि. ऊन तळाला लागलं. दार कमरेएवढं. वरची अक्षरं झिजलेली, बोट फिरवून वाचली आणि दोनदा ताडली :

*जो प्याला तो राहिला. जिच्यासाठी प्याला तिने ओळखले तर सुटला.*

सरपटत आत गेलो. दगडात कोरलेलं कुंड. भोवती कोरडा ठणठणीत तालुका, आणि इथे काठोकाठ पाणी. काठाच्या दगडाला गुडघ्यांनी पडलेले खळगे. किती जण टेकले असतील. कोनाड्यात त्यांनी ठेवून दिलेल्या वस्तू : काचेच्या बांगड्या, पैंजण, हस्तिदंती फणी, एक चष्मा. चष्मा नवा वाटत होता.

माझ्या खिशात सु.ची जोडवी होती. ठेवणार होतो. ठेववली नाहीत.

ओंजळ भरली. तोंडापर्यंत नेली. मग वाटलं, आधी मुलगी सापडू दे. ओंजळ सोडली आणि सु.च्या औषधाची रिकामी बाटली भरून घेतली. ऊन सरकलं. अंधारात चाचपडत बाहेर आलो.

१२ मे, शनिवार
मामांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग सहा नंबरचा माग थांबला. माझ्या सहा वर्षांत तो दिवसा थांबलेला पाहिला नव्हता.

"म्हणजे मी नुसतं तिचं जुनं नाव घेतलं असतं…" एवढंच म्हणाले. मालक ओरडले तेव्हा पुन्हा विणायला लागले.

१७ जून, रविवार
गोदाक्काने आजवर एकोणतीस मुली दाखवल्या. एकीच्याही उजव्या पायाची बोटं जोडलेली नाहीत. आता ती चेष्टा करत नाही. आज म्हणाली, "नामदेवा, दुसरं लगीन कर. गेलेलं मानूस असं हुडकून गावतं व्हय?"

बाटली फडताळात आहे. रोज हिशेब करतो. आज प्यालो तर ती वीस वर्षांची होईल तेव्हाही मी तेवीसचाच. तिला शोधायला दहा वर्षं लागली आणि मग प्यालो, तर तेहेतीसचा. आणि शोधायच्या आधी प्यालो आणि ती सापडलीच नाही, तर अंजय्यामामा.

झोप येत नाही. जेवण एक वेळ.

८ जुलै, रविवार
मामांनी परवा माझ्याकडून पायाचा कागद एका रात्रीपुरता नेला होता, आज बोलावलं. हातमागावर वीतभर कापड होतं. म्हणाले, "तुझ्यासाठी. कागदावरून बसवलं. खिशात किती दिवस कागद ठेवशील? फाटेल."

कात्रीने कापून त्यांनी कापड उलटलं आणि माझ्या हातात दिलं.

पांढऱ्यावर तांबडा पाय. जोडलेली दोन बोटं.

मी म्हटलं, मामा, हा डावा आहे.
"तुझ्या ग्राफप्रमाणेच आहे. तुम्ही लोक ग्राफ उलटाच काढता ना?"

घरी आलो. ही वही उघडली. २१ फेब्रुवारी. माझंच अक्षर. बोटं भिंतीकडे. दिवा उजव्या हाताला. अंगठा दिव्याच्या बाजूला. जमिनीवर माझा डावा पाय ठेवून पाहिला, अंगठा उजव्या हाताला आला.

सहा वर्षांची सवय. हाताने तिचा पाय उलटा काढला, मोर काढतो तसा. चौकोन बरोबर मोजले. एकही चुकला नाही.

धावत मालधक्क्यावर गेलो. पालं नाहीत. तीन चुली आणि मेंढरांच्या लेंड्या, पावसाने भिजलेल्या. एक हमाल विडी ओढत बसला होता.
"ती व्हय? गेली की समदी. हप्ता झाला. पाऊस पडला न्हवं."
कुठे गेली?
"कुटं म्हंजे? मेंढरं जातील तिकडं. अक्कलकोटच्या अंगाला, न्हायतर कर्नाटकात. त्यांचा काय पत्त्या असतुया व्हय?"
मी पोरीचं नाव विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तिने माझं बोट धरलं होतं. मी एकेक बोट उचलून सोडवलं.

९ जुलै, सोमवार
मालकांना सांगितलं, जातो. कुठे, किती दिवस, काही सांगता आलं नाही. ते म्हणाले, जागा ठेवता येणार नाही.

मामांचा निरोप घेतला. ते म्हणाले, "बाटली इथे ठेवून जा."
दिली नाही.
"मग पिऊ नको. शोध तिला. तुझे केस पिकू दे. लेकीसारखी बघ, लांबून. तेवढं तरी मिळतं माणसाला. मला तेवढंही नाही मिळालं, मी प्रत्येक वेळी नवराच राहिलो."
त्यांनी पुन्हा माग सुरू केला.

अक्कलकोटची गाडी दीड वाजता. पिशवीत एक सदरा, वही, पायाचं कापड, जोडवी, बाटली. स्टँडवर बसून लिहितो आहे. निघण्याआधी हिशेब :

खर्च : तेवीस वर्षं. त्यातली सु.बरोबर एक वर्ष आठ महिने.

वाया : १८ मार्चपासून आजपर्यंत तीन महिने एकवीस दिवस. त्यात ती बहुतेक वेळ घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती.

शिल्लक : बाटली गळ्यापर्यंत भरलेली. बूच अजून काढलेलं नाही. आज दोनदा हात लावला.

येणे : काही नाही. तिला काही आठवणार नाही, हे तिने आधीच सांगितलं होतं.

देणे : ओळख.