कानांवरची बोटं

प्रिय धाकटे,

बाबा गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसतं "बरं" म्हणालीस. त्यावर मी काही बोलणार नाही. तू त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलंस तेव्हा त्यांनी तुला जे सुनावलं, ते मीही ऐकलंय.

भिंतीवर लावायला त्यांचा फोटो हवा होता. स्टुडिओत जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, स्वतःचा एक धड नाही. सापडला तो एकच, बागेतला. लहानगी तू त्यांच्या खांद्यावर, दोन्ही हातांनी त्यांचे कान धरून. दादा म्हणाला, "तिला काढून टाक, आई. रोज तेच तर करतेस." करते खरी. लोकांना जुने जावई नकोसे होतात, भागीदार नकोसे होतात, आणि मी त्यांना फोटोतून उचलते. पाठीचा पार भुगा झालाय.

कॉम्प्युटरवर बसले. फोटोशॉपचं पेन टूल घेऊन त्यांच्या डोक्याभोवती टिंबं टाकत गेले. हे तूच शिकवलंस, कॉलेजच्या सुट्टीत, माझ्यावर खेकसत. "टिंबं कमी टाक गं, दांडी ओढ, वळण आपोआप येतं!" मी नुसतं सिलेक्शन करून चहाला उठायचे, भलतीकडे क्लिक व्हायचं आणि सगळी मेहनत गायब. पाथ, म्हणजे ती टिंबांची रेघ, सेव्ह करून ठेवावा, म्हणजे नंतर कधीही दुरुस्त करता येतो, हे डोक्यात शिरायला मला फार वेळ लागला.

तर पाथ जुळला, त्याचं सिलेक्शन केलं, तू गेलीस. पाय गेले, फ्रॉक गेला, बोटंही गेली. आणि पाहते तर हा माणूस उगाचच तोंड भरून हसतोय. कान ओढल्याशिवाय ते एवढे कधी हसले होते? मी पुसलेलं परत आणलं, बोटांभोवती नवा पाथ काढला आणि तेवढी ठेवली.

दादाने विचारलंच, "ही बोटं कशाला?" म्हटलं, निघत नाहीत, कान फाटतो. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही, मान डोलावून गेला. तुला कळतं. निघतात.

पाथ सेव्ह केलाय. बाकीची तू परत आणायची की नाही, ते तू ठरव. रविवारी फ्रेम येईल. खिळा मी ठोकीन, पण सरळ लागलीय का हे लांब उभं राहून सांगायला कुणीतरी लागतं, आणि दादाला वाकडं कधीच दिसलेलं नाही. ये.

वाट बघायचा कंटाळा असलेली,
तुझीच आई