पलंगाखालच्या मशीनची व्यवस्था

मृत्युपत्र लिहून देणार : मी, झाडं पाडणाऱ्याची विधवा, लाकूड कापायच्या मशीनच्या चेनला धार लावून देणारी, जिला ही सगळी गल्ली धारवाली मावशी म्हणते ती. माझी बुद्धी शाबूत आहे, कान शाबूत आहेत, जीभ तर गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. शरीराचं विचारू नका. गेल्या खेपेला डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहिले, चष्मा पुसला आणि पुढची तारीख दिलीच नाही. लेकीला वाटलं, विसरले. मी तिला तसंच वाटू दिलं.

बोटं बधिर झाल्यामुळे मला पेन धरवत नाही. म्हणून कचेरीबाहेर बसून अर्ज लिहिणाऱ्याला घरी बोलावून, कोणाच्याही धाकाविना, हे सांगून लिहून घेत आहे. तो मधेच म्हणाला, "मावशी, असलं मृत्युपत्रात घालत नाहीत." मी म्हटलं, "मरणार कोण आहे, तू की मी?" तेव्हापासून गपगुमान लिहितोय.

कलम एक, घर. हे दोन खोल्यांचं पत्र्याचं घर माझ्या व माझ्या नवऱ्याच्या कष्टाचं आहे. ते पूर्ण मालकीहक्काने माझ्या एकुलत्या एका लेकीला मिळावं. एकटीला. जावयाचं नाव त्या कागदावर कुठेही येता कामा नये. माणूस वाईट नाही. पीत नाही, हात उचलत नाही, मला तोंडभरून आई म्हणतो. पण सगळा बाजार त्याला तुफान म्हणतो ते काही उगाच नाही. डोक्यात आलं की निघाला. उद्या हे घर विकून क्रेन आणायलाही कमी करणार नाही. त्याने इथे राहावं, खावं, घोरावं. विकू नये, गहाण टाकू नये.

कलम दोन, धाकटे दीर. त्यांना माझ्या मालमत्तेतली एकच वस्तू द्यावी. कपाटाच्या वरच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला काळ्या प्लास्टिकचा एक दांडा आहे, तो. दिरांना तो काय आहे ते सांगायची गरज नाही. कोर्टाला कळावं म्हणून सांगते.

आमच्या ह्यांच्याकडे लहान मशीन होतं. फांद्या, वाळलेली बारकी झाडं, कुंपणं, एवढीच कामं मिळायची. मोठ्या झाडाला मोठं मशीन लागतं आणि मोठ्या मशीनला मोठा खिसा. तो कुठून आणायचा? दिरांकडे वापरलेलं एक मशीन होतं, लांब पट्टीचं (चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी), दणदणीत ताकदीचं. सख्ख्या भावाला म्हणून कमी भावात दिलं. अशा मशीनला पुढे एक दांडा असतो. मशीन उसळून अंगावर आलं की तो मनगटाला लागतो आणि चेन जागच्या जागी थांबते. दिरांनी तो काढून टाकला होता. "कापताना आड येतो रे," म्हणाले. दुकानात एक जाड पँटही मिळायची. तिच्या आत धाग्यांचे थर असतात, चेन लागली की धागे तिच्यात गुरफटतात आणि मशीन गच्च होतं. मी म्हटलं, "ती घेऊ या." हे म्हणाले, "अगं, मशीनमध्येच सगळे पैसे गेले. पुढच्या कामाला घेऊ." पुढचं काम आलंच नाही. पहिल्याच मोठ्या झाडाला मशीन उसळलं आणि मांडीवर उतरलं. दवाखाना लांब होता. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि दवाखाना लांब होता.

महिन्याभराने दीर आले, चहा प्याले, आणि जाताना पिशवीतून हा दांडा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, हा राहिलाच होता माझ्याकडे." मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही. आता फुटतो. भावजी, तुमची वस्तू तुम्हाला परत. शेवटपर्यंत जपून ठेवा.

कलम तीन. शेजारच्या शिंपिणीला काही देता येत नाही, कारण ती साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला दिलेलं चालत नाही असं लिहिणारा सांगतो. म्हणून तिला माझं शिलाईचं टेबल आजच देऊन टाकलं. नको नको म्हणत घेऊन गेली.

कलम चार, बचत. लोकांच्या चेनांना धार लावून जमवलेले थोडे पैसे होते. त्यांच्यावर जावयाचा डोळा होता, आणि तो त्याने लपवलाही नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो मोठा रस्ता आहे तो रुंद करायचा आहे. दोन्ही अंगांची झाडं पाडायची आहेत, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. ते काम तुफानने अंगावर घेतलं, आणि मग आठवलं की आपल्याकडे मशीन नाही. या भागात एवढी मोठी झाडं ती शेवटचीच. ती पडली की मोठ्या मशीनने काय कापायचं, मेथीची जुडी? हे त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, तुम्ही नेहमी उलटंच बघता." बरं बाबा, उलटं तर उलटं. मला बरोबर घेऊन गेला बाजारात, पारख करायला. मीही गेले. मरता मरता तेवढी हौस.

दुकानदाराने लालभडक नवंकोरं मशीन पुढे केलं. अंगावर ताकदीचा हा एवढा मोठा आकडा.

"आई, ताकद बघा!" तुफान म्हणाला.

"आकड्याला डबाभर रंग लागतो," मी म्हटलं. "ताकद नाही लागत."

दुकानदार भला माणूस. हसला आणि म्हणाला, "मावशींचं खरं आहे. अंगणातल्या कामाला ठीक आहे हे. त्या झाडांना लावलंत तर इंजिन जीव सोडेल."

"मग न सोडणारं दाखवा."

दाखवलं. किंमत ऐकून तुफान गप्प झाला. त्याला गप्प मी याआधी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिलंय. दुकानदाराने मग शहाणपणाचा मार्ग सांगितला. चांगल्या कंपनीचं मधलं मशीन घ्या. खोड पट्टीपेक्षा जाड असलं तरी दोन्ही बाजूंनी कापत आणलं की पडतं. वेळ लागेल, पण पडेल. उरलेल्या पैशात पँट, हेल्मेट, एक जादा चेन. मला अगदी पटलं. पिशवीत हातही घातला होता.

"दोन्ही बाजूंनी कुरतडत बसू?" जावई म्हणाला. "रस्त्यावर चार माणसं बघायला उभी असतात, आई. उंदीर लावलाय म्हणतील झाडाला."

झालं. निघालो. मग एकाकडे वापरलेलं मशीन बघायला गेलो. यापुढे हे वाचणाऱ्या कोणावर अशी वेळ आली तर एवढं करावं. आधी हाताची मागची बाजू सायलेन्सरजवळ न्यावी. ऊब लागली तर उठावं, पाणीसुद्धा पिऊ नये. तुम्ही यायच्या आधी विकणाऱ्याने ते चालवून ठेवलेलं असतं. पडून असलेलं गार मशीन कसं उठतं ते बघायचं असतं. तिथे हात नेला तर चांगलाच चटका बसला. "एका ओढीत सुरू झालं, आई!" तुफान ओरडला. होणारच की रे बाबा. भाड्याने बघ म्हटलं, तर त्या झाडांचं नाव काढताच भाड्याने देणारा हात जोडायचा. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं. हिंडून हिंडून माझ्या पायांचे तुकडे पडले.

त्या दिवशी जेवताना तुफान ताटाकडे बघत म्हणाला, "घरात एक आहेच की, पलंगाखाली." लेकीच्या हातातला डाव तसाच राहिला.

कलम पाच, पलंगाखालचं मशीन. तेच ते. ह्यांचं. पोत्यात बांधून ठेवलंय. विकलं नाही, कारण दुसऱ्या कोणाच्या तरी मांडीवर गेलं असतं. मोडीत का घातलं नाही, ते मला धड सांगता येणार नाही. ह्यांनी त्याच्यावरून शेवटचा हात फिरवला होता, एवढंच. आणि खरं सांगू? बाजारात जेवढी मशीनं पाहिली त्यात ताकदीला आणि किमतीला त्याच्या तोडीचं एकही नव्हतं. हे मला तोंडाने म्हणवेना, पण मला कळत होतं, आणि त्यालाही कळत होतं.

मी डोळे मिटले की तो पलंगाखाली हात घालणार. मी त्याला अडवू शकत नाही. जिवंत माणसाचं ऐकत नाही तो, मेलेलीचं काय ऐकणार? म्हणून जे हातात होतं ते केलं. मशीन दुरुस्तीला पाठवून पुढचा थांबवायचा दांडा नवा बसवून घेतला. आणि त्या दुकानदाराकडून ती जाड पँट आणवली. माप कसं घ्यायचं? तुफानला विचारलं तर हसला असता. शिंपिणीने दोरीवर वाळणाऱ्या त्याच्या पँटवर गुपचूप टेप लावली. तो समोरून आला तेव्हा म्हणाली, "शिवण उसवलीय का बघतेय." या दोन खर्चांत आणि माझ्या औषधांत बचत संपली. वाटणीचा प्रश्न मिटला. बचत म्हणजे आता ती खुंटीवरची पँट.

चेन मात्र जुनीच आहे. तीच. नवीला पैसे उरले नाहीत, आणि तिला धार लावायला माझा हात होत नाही. गावभरच्या चेनांना लावला, तिला नाही. ती ठार बोथट आहे. मनात म्हटलं, बोथट आहे तोवर तो बाहेर काढणार नाही. तेवढंच एक कुलूप माझ्याकडे उरलं आहे.

तेव्हा व्यवस्था अशी. मशीन जावयाला, पँट लेकीला. त्याने पँट चढवून तिच्यासमोर उभं राहिल्याशिवाय तिने मशीन उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नये. लिहिणारा म्हणतो, ही अट कोर्टात टिकणार नाही. मला ठाऊक आहे. घरातही टिकणार नाही. आठवडाभर घालेल, मग उकडतंय म्हणेल, मग फांदीला लटकवून ठेवेल आणि तिच्या खिशात विड्या ठेवेल. तरी लिही.

कलम सहा. मला विजेवर जाळावं. सरण रचू नये. जन्मभर झाडं पडली तेव्हा चूल पेटली, आता जाताना माझ्यासाठी आणखी एक नको.

कलम सात, कानस आणि वाइस. खिडकीत बोल्टने आवळलेला वाइस, ज्यात पट्टी धरून मी धार लावते, तो, आणि सगळ्या गोल कानशी लेकीला. हे काम मी तिला कधी शिकवलं नाही. तिने दुकानात बसावं, टायपिंग करावं, काहीही करावं, पण झाडाच्या पैशावर जगू नये असं वाटायचं. मग तिनेच झाडं पाडणारा पसंत केला. कपाळ माझं!

काल दुपारी औषधाच्या गुंगीत होते. कानशीच्या आवाजाने जाग आली. खर्र, मग थांबणं, मग खर्र. पुढे ढकलायची, उचलायची, परत. हौशी लोक कानस मागे आणतानाही घासतात, ही घासत नव्हती. बघते तर लेक वाइसपाशी.

"कधी शिकलीस गं?"

"तुझ्याकडे बघून. लहानपणापासून दुसरं काय होतं बघायला?"

चेन हातात मागून घेतली. नखाने दात चाचपले. सगळे एका उंचीचे, एका कोनाचे. माझं काम असं झालं नसतं. चांगली लांब चेन होती. विचारलं, "कोणाची गं?" तर म्हणाली, "आलीय एकाची," आणि तोंड फिरवलं. ती आत गेल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. मला वाटलं होतं, माझ्याबरोबर हे सगळं संपेल.

बये, आता शिकलीच आहेस तर ऐक. पेट्रोलची टाकी संपली की दरवेळी धार बघ. बोथट मशीनला माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की ते उसळतं.

येणेप्रमाणे व्यवस्था पुरी झाली, असं लिहिणाऱ्याने लिहायला घेतलं आणि म्हणाला की मशीनवरचा नंबर घालावा लागेल, म्हणजे वाद नको. शिंपीण पलंगाखाली वाकली. पोतं ओढून काढलं. पोतं रिकामं होतं.

खुंटीकडे बघितलं. पँट होती तिथेच होती, घडीसुद्धा मोडली नव्हती.

लेकीला हाक मारली. हात पुसत आली. पोतं बघून दारातच थांबली.

"सकाळीच गेला, तू गुंगीत होतीस," म्हणाली. "काम उद्यापासून आहे, पण आज एक पाडून बघतो म्हणाला. हात बसेल."

"आणि पँट?"

"म्हणाला, उद्यापासून घालतो."

तीच पुढे बोलली. "तो बोथटच घेऊन जाणार होता, आई. मला दुसरं काही सुचलं नाही. म्हणून काल मी धार लावून दिली."

तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. मीही तेच केलं असतं. फक्त म्हटलं, "अगं, उभी काय राहिलीस, पळ!" तिने पँट खुंटीवरून ओढली आणि अनवाणी पळाली. ही पँटसुद्धा वरातीमागून घोडंच आहे.

ती कोपऱ्यावर वळली असेल नसेल, तोच रस्त्याच्या बाजूने आवाज आला. मी तो कुठेही ओळखते. इतकी वर्षं पोत्यात पडून होतं, पण आवाजात फरक नाही. कापतंय अगदी अलगद, लोण्यातून जावं तसं. लेकीने धार चांगली लावली आहे.

लिहिणारा विचारतो, कलम पाच खोडू का, मशीन तर गेलं. मी म्हटलं, राहू दे. मालकी माझीच आहे. शिंपीण म्हणते, खिडकी लावू का? लावू नकोस. आम्ही तिघं कान देऊन बसलो आहोत. पेट्रोल भरायला तो मधे थांबला तेव्हा शिंपिणीने माझा हात धरला. मग पुन्हा सुरू झालं, आणि तिने सोडला.

माझा अंगठा कानशीने गुळगुळीत झाला आहे, त्याचा ठसा नुसता काळा डाग उठतो. तो माझाच आहे हे दोघा साक्षीदारांनी पाहिलं आहे.

निशाणी डावा अंगठा : धारवाली मावशी
साक्षीदार : शेजारची शिंपीण (सही)
साक्षीदार व लिहिणार : कचेरीबाहेरचा अर्ज लिहिणारा (सही)
स्थळ : राहतं घर, खिडकीजवळचा पलंग
तारीख : रविवार, रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. अंगठा उठवला त्या वेळी मशीनचा आवाज येत होता.