छबीच्या दातांत मुरलेलं शिसं

मी खाली सही करणारी, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. अक्षर वाकडं येतं ते आजारपणामुळे; डोकं ठिकाणावर आहे, याची खात्री डॉक्टरीणबाईंनी शेजारी बसून करून घेतली आहे.

नवऱ्याच्या पश्चात माझ्या नावावर झालेलं राहतं घर माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. अट एकच. माझी मुलगी छबी हयात असेतोवर याच घरात, खिडकीच्या खोलीत राहील. छबी चाळिशीला आली. तिला स्वमग्नता आहे, ती बोलत नाही. दोऱ्याची रिळं ती रंगाप्रमाणे लावते. ती कुणी आवरायला जाऊ नये.

शिवणयंत्र बहिणीच्या सुनेला. तिला काजं धड जमत नाहीत, पण तिने चालवलेल्या यंत्राचा आवाज छबी सोसते.

मागची शेड पाडावी आणि तिथली माती जाणकारांकडून उचलून न्यावी. तोवर तिथे भाजी लावू नये, लहान मूल खेळू देऊ नये. थोरले दीर तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवत. छबी पोटात असताना मी म्हटलं, "भाऊजी, धूर घरात येतो. भट्टी दुसरीकडे न्या."

"याच धुरावर तुझी चूल पेटते," ते म्हणाले.

मी भांडले, रुसून माहेरी गेले, नवऱ्याने समजूत काढून परत आणलं. भट्टी काही हलली नाही. छबी त्याच अंगणात रांगली. पुढे ती बोलेना, तेव्हा जाऊबाईंनी चारचौघांत माझ्या कुशीला नावं ठेवली.

छबीचे दुधाचे दात मी जपून ठेवले होते. एका संशोधक बाईंनी ते तपासायला नेले. दाताच्या थरांत बाळपण साठलेलं असतं, म्हणाल्या. मग एके दिवशी घरी आल्या. "जन्माआधीपासूनच शिसं मुरलंय, ताई."

"म्हणजे त्यानंच ती अशी झाली?"

"शिसं मुलांच्या मेंदूला घातकच. पण हिची स्वमग्नता त्यामुळेच आली, असं कुणालाच छातीठोक सांगता येणार नाही. अभ्यास अजून चालू आहेत."

धुरानंच हे केलं, या एका उत्तरावर मी इतकी वर्षं तग धरून होते. त्या गेल्यावर मी रिकामं यंत्र चालवत बसले.

थोरल्या दीरांना माझं काहीही देऊ नये. परवा ते काठी टेकत आले. छबीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "माझ्यामुळे का गं?"

मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊजी."

माहीत नाही, हे खरं. माफ केलं, असं मात्र मी म्हटलेलं नाही. तरी ते छबीला भेटायला आले तर दार लावून घेऊ नये.

शेवटचं. मी गावाला गेले असं छबीला सांगू नये. ती दाराशी वाट बघत बसेल. मला नेण्याआधी तिला माझ्याजवळ आणावं. ती कुणाला अंगाला हात लावू देत नाही, माझ्या बाहीचं टोक तेवढं बोटाला गुंडाळते. कितीही उशीर झाला तरी तिला ओढू नये. ती बाही सोडेल, तेव्हाच मला उचलावं.

लिहून देणार: छबीची आई (सही)

आमच्यादेखत, वाचून पाहून सही केली. साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. कोपऱ्यावरचे चष्मेवाले (सही)

ठिकाण: राहतं घर, खिडकीची खोली
दिनांक: ९ मार्च