कळवायचं कोणाला

॥ श्री एकविरा प्रसन्न ॥

थळ
ता. १० नोव्हेंबर २०२४

चि. भाविकास केसरमावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. ओमानच्या शर्यतीचा कागद वाचला. पेन्सिलीने वर मराठीत अर्थ लिहून दिलास ते बरं केलंस, नाहीतर मला काय कळणार होतं. एकवीस किलोमीटर समुद्रातून पोहायचं, सकाळी सहाला पाण्यात शिरायचं आणि दुपारपर्यंत बाहेर यायचं, एवढं समजलं. खाली एक रकाना आहे, संकट आल्यास आधी कोणाला कळवावे. तिथे तू माझं नाव लिहिलंस. ते मी खोडलं. रागावू नको.

कारण सांगते. तुझ्या दयारामकाकांच्या वेळेला मला एकदा कळवून झालंय. त्यांची बोट गेली त्याला एकोणतीस वर्षं झाली. माझा कमलेश तेव्हा तीन वर्षांचा होता, तुझा तर जन्मही नव्हता. तेव्हापासून मी वाट बघत बसतेच आहे. आधी कमलेश बोटीवर जायला लागला म्हणून बसले, मग तू खांदेरी बेटाला पोहून वळसा घालायला लागलीस म्हणून बसले. बसून बसून कंबर गेली, कान तर केव्हाच गेले. आता परदेशातला कोणी माणूस मला काहीतरी कळवेल म्हणून बसायची ताकद नाही माझ्यात. कमलेशचं नाव लिही. त्याला फोनवर ऐकू येतं आणि मोडकंतोडकं इंग्रजीही येतं.

टीव्हीचा आवाज मला येत नाही, पण चित्र दिसतं. आखाताच्या आकाशात रोज विमानं आणि धूर. कमलेश म्हणतो तो धूर ओमानचा नाही, दुसऱ्या देशाचा. मला पाणी सगळं एकच दिसतं. तुझी आई तुला आठ वर्षांची माझ्या पदरात टाकून गेली, ती काय यासाठी?

बाकी इकडे सगळं ठीक. बोंबील बरा मिळतोय. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या इतक्या येतात की रस्ता ओलांडायला अर्धा तास उभं राहावं लागतं. कानाचं मशीन डब्यात ठेवलंय, त्यात नुसता वारा वाजतो. म्हणून फोन करू नको, पत्रच लिही.

लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवलास तर सांभाळायचा कोणी?

तुझी मावशी,
केसर

---

नेरूळ
ता. १९ नोव्हेंबर २०२४

ती. केसरमावशीस भाविकाचा शि. सा. न. वि. वि.

खोडलेला कागद मिळाला. इतक्या जोरात खोडलंस की मागच्या पानावर खड्डा पडलाय. दुसरा फॉर्म मागवला आणि त्यावर दादाचं नाव लिहिलं. मनाला लागलं, पण लिहिलं.

मावशी, मी आता उत्तरं देऊन थकले गं. शाळेच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवते, तिथे येणारा प्रत्येक पालक विचारतो, आखातात कशाला, एकटी कशाला, बाईमाणूस कशाला. आमच्या घरमालकीणबाईंनी तर मला सहा व्हिडिओ पाठवले. त्यातला एकही ओमानचा नाही. पाच वर्षं मी पहाटे उठून पोहतेय, त्याबद्दल मात्र कोणी एक प्रश्न विचारला नाही. तू विचारलास तर मला राग येत नाही, पण तू तर विचारलंही नाहीस, नुसतं खोडलंस.

त्या लोकांची पद्धत तुला सांगते, म्हणजे तुझं मन जरा खाली बसेल. किनाऱ्यावर एक मोठी फळी असते, तिला ओळीने खिळे आणि प्रत्येक खिळ्याला नंबराचा पितळी बिल्ला. पाण्यात शिरताना आपला बिल्ला काढून गळ्यात घालायचा, बाहेर आलं की परत त्याच खिळ्याला टांगायचा. सगळे खिळे भरेपर्यंत त्यांच्या होड्या पाण्यातून बाहेर येत नाहीत. माझा नंबर सदतीस. पाठीला नारिंगी फुगा बांधलेला असतो, तो लांबून दिसतो.

तरी तू नको म्हणालीस तर मी जाणार नाही. ही धमकी नव्हे. तुझा चेहरा डोळ्यांसमोर ठेवून एवढं लांब पोहता येत नाही, म्हणून लिहितेय. पंधरा दिवसांत काय ते कळव.

दादाला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भाविका

---

॥ श्री एकविरा प्रसन्न ॥

थळ
ता. २ डिसेंबर २०२४

चि. भाविकास अनेक आशीर्वाद.

परवा अलिबागच्या बाजारात बिल्किसभाभी भेटल्या. त्यांचे मोहम्मदभाई बावीस वर्षं मस्कतला होते, तुला ठाऊक आहे. त्यांना विचारलं. त्या माझ्या कानाशी येऊन एवढ्या मोठ्याने बोलल्या की अख्ख्या बाजाराला तुझी शर्यत कळली. म्हणाल्या, तिकडे बाई एकटी फिरते, कोणी वळून बघत नाही, बिनघोर पाठवा. आणि मग स्वतःच म्हणाल्या की बावीस वर्षांत तिकडे त्यांच्या माणसाला खरचटलंसुद्धा नाही, पण त्या इकडे एक दिवस निर्धास्त जेवल्या नाहीत. ते कायमचे परत आल्यावर कुठे जरा निवांत झाल्या, तर भाई इथल्याच नाक्यावर स्कूटरवरून पडले आणि पाय मोडून बसले. सांगताना हसत होत्या. मीही हसले.

घरी येऊन विचार केला. भीती जिथली तिथे नसतेच बहुतेक. ती वाट बघणाऱ्याच्या पोटात असते आणि माणूस कुठेही गेला तरी ती तिथेच राहते. मग तुला अडवून माझं काय भलं होणार? जा तू.

एकच सांगते. तुझं ते विमान, होड्या, फुगा यातलं मला काही कळत नाही. पण ती बिल्ल्यांची फळी कळली. गेलेली आणि आलेली माणसं तिथे मोजतात, हे मला फार पटलं. आपल्याकडे कोणी मोजत नाही. तर बाहेर आलीस की आधी बिल्ला टांग. पाणी पिणं, फोटो काढणं, सगळं त्याच्यानंतर. एवढं वचन दे.

कमलेशबरोबर सुक्या जवळ्याची चटणी पाठवते. विमानात डबा उघडू नको, लोक खाली उतरवतील.

लोभ आहे, तो तिकडे पाण्यात सांडू नको.

तुझी मावशी,
केसर

---

मुक्काम ओमान
ता. २३ जानेवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहून त्याचा फोटो दादाच्या फोनवर पाठवतेय. तो झेरॉक्सच्या दुकानातून छापून देईल. सुखरूप पोचले. मस्कतपासून तीन तासांवरचं मासेमारीचं गाव आहे. मागे बोडके डोंगर, पुढे समुद्र, आणि वाळूवर तारली सुकत घातलेली. गाडीतून उतरले आणि तो वास आला, तेव्हा चार दिवसांनी पहिल्यांदा पोटात बरं वाटलं.

खोलीत माझ्याबरोबर आयर्लंडची एक मुलगी आहे, ओर्ला नावाची. चटणी खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने परत मागितली. मी तिला म्हटलं, पुढच्या वर्षी आमच्याकडे ये, खांदेरीला वळसा घालू. ती म्हणाली की जगात कुठेही जा, पण इंडियात जाऊ नको असं तिच्या आईने सांगून ठेवलंय. त्या आईनेही टीव्हीवरच बघितलं असणार. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. मला तू आठवलीस.

शर्यत शनिवारी. आज पाण्यात उतरून पाहिलं. आपल्यापेक्षा निळं आणि थंड आहे, आणि पाण्याची ओढ किनाऱ्याकडे खेचणारी आहे. वचन लक्षात आहे.

इथून आशीर्वाद मागते, अंतर आहे म्हणून कमी देऊ नकोस.

तुझी,
भाविका

---

नेरूळ
ता. २९ जानेवारी २०२५

ती. मावशीस शि. सा. न. वि. वि.

परत आले. अंगाला काही झालेलं नाही, हे आधी लिहिते. दादाने तुला किती सांगितलंय ठाऊक नाही. तो माझ्याशी बोलत नाहीये.

सोळा किलोमीटरपर्यंत बरी होते. मग ओढीने मला रांगेपासून तोडून आत किनाऱ्याकडे खेचलं. माझ्याजवळचा होडीवाला एकाला जेलीफिश लागला म्हणून तिकडे गेला होता. तासभर हातपाय मारले, पण पुढे सरकेना. खांदा उचलेना झाला तेव्हा समजलं की आज होत नाही. खडकांच्या आड एक छोटा किनारा दिसला, तिथे बाहेर आले. साडेअकरा झाले असतील.

वर दोन बायका तारली उलटीपालटी करत होत्या. त्यांतल्या म्हातारीला थोडं हिंदी येत होतं. तिने मला घरात नेलं, कोरडे कपडे दिले, खजूर दिले, चहा दिला. फोन माझ्याजवळ नव्हता. तिचा मुलगा जेवायला आला की गाडीने सोडेल, असं ती म्हणाली. मी म्हटलं, चालेल. खरं सांगते मावशी, माझ्या मनात काळजी आलीच नाही. वाटलं, किनाऱ्याला लागले ना, मग झालं. आपल्याकडे बोट दुसऱ्या बंदरात लागली की कोण कोणाला सांगायला जातं? भिंतीला टेकले आणि झोप लागली.

जाग आली तेव्हा दारात पोलीस, शर्यतीचे तिघे आणि अर्धं गाव. अडीच तास अकरा होड्या मला शोधत होत्या. बाकीच्यांची शर्यत थांबवली होती. ओर्ला उन्हात उभी राहून रडत होती. मला परत नेलं, तर फळीवर एकच खिळा रिकामा होता. त्यांच्या मुख्य माणसाने माझ्या गळ्यातला बिल्ला स्वतःच्या हाताने काढला आणि टांगला. रागावला नाही. त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. दोन वर्षं तिथे बंदी आहे.

एक गोष्ट मला कळत नाही. त्यांनी आधी दादाला फोन केला, तेव्हा त्याने सांगितलं की ती कुठेतरी लागली असेल, काळजी करू नका. म्हणून त्यांना वाटलं की घरच्यांना काही माहीत असेल, आणि शोध जरा सैल पडला. मग अर्ध्या तासाने दादाचाच उलट फोन आला, आणि त्याच्यामागे कोणी बाई मोठमोठ्याने बोलत होती म्हणे. तिचं ऐकून दादा सांगत होता की पाण्यात नंतर बघा, आधी जिथे मासळी सुकत असेल त्या घरांत बघा. ती तूच होतीस ना?

तुला दिलेलं एकच वचन मोडलं. इतक्यात थळला येत नाही, तोंड दाखवायची लाज वाटते. आता या शर्यती पुरे. फॉर्म, परवानग्या, सगळ्यांची भीती उशाशी घेऊन झोपणं, मला आता नको झालंय.

रागव, पण तोडू नकोस.

तुझी,
भाविका

---

॥ श्री एकविरा प्रसन्न ॥

थळ
ता. ६ फेब्रुवारी २०२५

चि. भाविकास केसरमावशीचे अनेक आशीर्वाद.

व्हय, मीच होते. कमलेशला फोन आला तेव्हा तो किनाऱ्यावर जाळं सांधत होता. त्यांना काय सांगायचं ते सांगून तो घरी आला आणि जेवायला बसला. दोन भाकऱ्या झाल्यावर कॅलेंडरच्या मागे त्याने मला लिहून दाखवलं की भाविकाचा पत्ता लागत नाही, दुसरीकडे लागली असेल. लिहून तिसरी भाकरी मागितली. त्याच्यावर रागावू नको. त्याने लहानपणापासून जे ऐकलं तेच लिहिलं.

आता जे लिहिते ते मी कोणालाच सांगितलेलं नाही, कमलेशलाही नाही. तुझे काका गेले ते नारळी पौर्णिमेनंतरचे दिवस होते. दुसऱ्या दिवशी यायचे होते, ते आले नाहीत. सगळे म्हणाले, बोट रेवदंड्याला लागली असेल, नाहीतर खाली हरिहरेश्वराकडे. दुसऱ्या दिवशी दुपारीच मला आतून कळलं होतं की ती कुठेही लागलेली नाही. वारा फिरला होता, आणि ते गेले त्या बाजूला बंदरच नव्हतं. पण माझी सासू म्हणायची, बोट हरवली हा शब्द बायकोच्या तोंडून निघाला की बोट खरंच जाते. म्हणून मी तोंड मिटून बसले. पाणी भरलं, मासळी सुकवली, कोणी विचारलं तर मीही म्हणाले की दुसरीकडे लागली असेल. चार दिवस. पाचव्या दिवशी माणसं शोधायला निघाली. दिवेआगरच्या बाजूला बोटीची फळी मिळाली, आणि तिला धरून राहिलेला एक खलाशी. तो तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असावा, असं डॉक्टर म्हणाले. तुझे काका मिळाले नाहीत.

लोक म्हणतात केसरने किती धीर धरला. तो धीर नव्हता, बाई. मी घाबरले होते एका शब्दाला. मी बोलले असते तर काय झालं असतं, हे मी एकोणतीस वर्षं रोज विचारते आणि रोज दमते.

म्हणून कमलेशने ते लिहिलं तेव्हा मी त्याचं ताट बाजूला सारलं. फोन लावायला लावला आणि सांगितलं, म्हण हरवली. माझ्या बहिणीची मुलगी हरवली आहे, शोधा. तो बोलेना, म्हणून मीच ओरडले, तेव्हा कुठे त्याने ते इंग्रजीत सांगितलं. शेजारच्या किशोरीच्या सासूबाई धावत आल्या, असं अभद्र बोलू नये म्हणाल्या म्हणे. मला ऐकू येत नाही त्याचा त्या दिवशी पहिल्यांदा उपयोग झाला. मासळीच्या घरांचं म्हणशील तर त्यात काही मोठं नाही. तुला मी वाढवलंय. दमलीस की तू कुठे जाऊन टेकशील हे मला नाही कळणार तर कोणाला?

वचन मोडलंस, त्याबद्दल आलीस की बोलणार आहे, सोडणार नाही. त्या माणसाला आणि ओर्लाला माफीचं पत्र आधी लिही. ओर्लाच्या आईलाही चार ओळी लिही, माझ्याकडून. म्हणावं, तुमच्या मुलीला आमच्याकडे पाठवा, आम्ही मोजून घेऊ आणि मोजून परत देऊ. एक फळी मी कमलेशकडून करून घेतली आहे. ती किनाऱ्यावर ठोकली आहे आणि आपल्या वस्तीच्या सगळ्या खलाशांची नावं त्यावर आहेत. अर्धे हसतात, अर्धे बिल्ला टांगतात. कमलेश टांगतो.

पण शर्यती पुरे हे माझ्या घरात चालायचं नाही. मी दमले आहे ती एका जागी बसून दमले आहे, तू पोहून दमली आहेस. तुझं दमणं चार दिवस झोपलीस की जाईल. दुसरा कुठला देश बघ. बंदी काय, फक्त तिथल्याच पाण्याला आहे.

रविवारी ये, पण गाड्यांच्या आधी, सकाळच्या बोटीने. लोभ कमी झालेला नाही, कधी होईल असं वाटत नाही. आणि येताना पुढच्या शर्यतीचा कोरा कागद आण. त्या रकान्यात माझं नाव या वेळी मी माझ्या हाताने लिहिणार आहे.

तुझी मावशी,
केसर