सात थापांचा शब्द

सोमवार, दिवेलागण

मी सांगून राह्यली, शेजारची सुनिता लिहून राह्यली. नात प्रिया शिकायले नागपूरला गेली. जायच्या आधी भाकर थापता थापता तिनं मले एक इंग्रजी शब्द शिकवला: कॉन्-स्टि-ट्यू-श-नॅ-लि-झम. सात थापा. "पुढचं सारं संविधान, आजी, मांगं शेपूट." म्या म्हटलं, तुह्यावानीच वळवळते. फोनवर पुरा म्हणून दाखवीन, असं कबूल केलतं.

आज तिचा फोन आला. मी तिसऱ्या थापेवर होती, तं म्हणे, "आजी, क्लास आहे, मंग बोलू." कायले एवढी घाई?

माह्यापुरती एक भाकर झालीच होती. तरी दुसरी थापली आन् शब्द पुरा म्हटला. बरोबर का चूक, सांगणारं घरात कोणी नाही. सुनिता म्हणते, "मले काय समजते, आजी!"

भाकर मात्र गोल झाली. तशीच टोपल्यात आहे.