पहिला लोटा

हिंगणी, ८ मे १९५५
आरोग्य-प्रमुखांच्या शिबिरात दाखल. नागपूरचं कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून थोरले बंधू भैय्याजी माझ्याशी बोलत नाहीत. नसोत. लीडर डिग्रीने होत नाही. कारंज्याच्या पथकाला इथून एकच प्रमुख निवडणार. शिबिरातल्या प्रमिलाबाई त्याच पथकात जाणार. म्हणजे प्रमुख मीच. दुसरा झाला तर दात पाडीन.
संकल्प : राग आवरणे.

११ मे
धडा : विहिरीत कॉलऱ्याचे जंतू मारणारी लाल दवा टाकल्यावर पहिला लोटा प्रमुखाने सगळ्यांदेखत प्यायचा, मग गाव पितं. सोपं आहे. इथल्या विहिरीत रुख्माबाई नावाची सून बुडाली होती; तिन्हीसांजेला तिची घागर अजून बुडबुडते, असं तानबा कोतवाल सांगतो. मी मोठ्याने हसलो.
प्रमिलाबाईंनी वेणी सोडली होती. त्यांचा एक केससुद्धा मी हजारात ओळखीन.

१४ मे, तिन्हीसांज
बुडबुडतं खरं. बेडूक. सायन्स शिकलोय मी.

१९ मे
प्रात्यक्षिक. गाव जमलं. शिबिराचे डॉक्टर किसनराव म्हणाले, दवा चिमूटभर टाका. चिमटीने टाकणारा लीडर कसला! अख्खी बाटली उपडी केली. पाणी लालजांभळं. बाया मागे सरल्या. तानबा म्हणाला, "रुख्माबाई वर येऊन राह्यली जी!" मी ओरडलो, गाढवांनो, ही केमिस्ट्री आहे! त्याने लोटा पुढे केला, "मंग पेजा नं पयले. भेता काऊन?"
लोट्यात लांब केस. ओला. हलत होता.
सांगितलं, आज माझी निर्जळी एकादशी. तानबा म्हणाला, "एकादशी तं परवाच झाली."
गाव घागरी घेऊन नाल्यावर गेलं. पलीकडच्या गावात कॉलरा आहे.

२२ मे
उपसून उपसून पाणी फिकं झालं. प्रमिलाबाई सगळ्यांदेखत लोटाभर प्याल्या. मग बाया, मग तानबा. गाव परत विहिरीवर. नंतर हळूच मला म्हणाल्या, "त्या दिवशीचा केस माझा होता. पाणी मीच शेंदलं होतं."
उजेड कमी होता.

२४ मे
चहातही केस दिसतो. डोळे मिटून पितो. बेडूक आता दुपारीही बुडबुडतो.

२७ मे, शुक्रवार
निकाल. प्रमुख प्रमिलाबाई. दात पाडण्याचा संकल्प स्थगित. पण मलाही कारंजा! त्यांनी स्वतः मागून घेतलं. शेवटी मन मनाला ओळखतं!
मग कामाचं विचारलं. म्हणाल्या, "रोज सकाळी नवी विहीर. पहिला लोटा तुमचा."
उद्यापासून सुरुवात.
उद्या शनिवार. मारुतीचा निर्जळी उपवास धरावा म्हणतो.