नाही म्हणायचं कसं

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. ऑपरेशन करायचं नाही असं तू ठरवलंयस, ते वाचलं. त्यावर येतेच, आधी माझी बातमी ऐक. तुझ्या तोफेला, म्हणजे मला, बढती मिळाली! लिफ्ट तपासणाऱ्या बाईचं टेबल आता चौथ्या मजल्यावर, आणि आमच्या ऑफिसला लिफ्टच नाही.

ही बढती तुझी आहे गं. वृद्धाश्रमातली ती लिफ्ट आठवते? ब्रेक घसरत होता आणि साहेब म्हणत होते, सही करून टाक, दुरुस्तीचं नंतर बघू. मी रागारागात मेल लिहिला आणि आदर म्हणून वर 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' चिकटवलं. मला वाटलं, साष्टांग नमस्कारच घातला! पाठवण्याआधी तुला फोनवर वाचून दाखवला, तर तू पोट धरून हसलीस. म्हणालीस, इंग्रजीत हे म्हणजे पाया पडता पडता चिमटा काढणं.

जन्मभर विमा कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहिलीस तू, नाही म्हणण्यात तुझा हात कोण धरणार? तू सांगितलंस, आधी 'आय सी युवर पॉइंट' लिही, म्हणजे त्यांचं ऐकलंयस हे त्यांना कळेल. मग 'हाउएव्हर', म्हणजे आपलं 'तथापि', आणि लगेच ब्रेकची मोजमापं. नुसतं 'आय डिसअ‍ॅग्री' लिहून थांबू नकोस, कारण दे. शेवटी 'आय अ‍ॅम अफ्रेड आय कॅनॉट साइन'. मी उसळले, अफ्रेड कशाला, मी कुणाच्या बापाला भीत नाही! तू म्हणालीस, अगं, ते घाबरणं नव्हे, दार न आपटता लावणं.

लिफ्ट बंद राहिली, ब्रेक बदलला, माझी नोकरीही टिकली. आता तिथले आजी-आजोबा त्याच लिफ्टने बागेत उतरतात. आपल्या घरात मतभेद म्हणजे ताटावरून उठणं. बाबा आणि आत्या भांडले की चार घरं जागी व्हायची. त्याच घरातल्या तू मला आवाज न चढवता ठाम राहायला शिकवलंस. तुझे उपकार कसे फेडू?

तू लिहितेस, हृदयाची झडप जुनी झाली तशी मीही जुनी झाले, कशाला सगळ्यांना ताप? तुझं म्हणणं मला समजतं. तथापि... नाही ताई, जमत नाही. ती सभ्य वाक्यं साहेबांसाठी. तुला आपल्या घरच्या भाषेत सांगते: तू साफ चुकतेयस! डॉक्टर बरी होशील म्हणतायत आणि मला तू हवी आहेस. रजा मंजूर झालीय, रविवारी येतेय. तेव्हा तुझं ऐकून मी सही केली नाही. आता माझं ऐकून तू ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायचीस.

तुझीच,
तोफ